'वसाहत' म्हणजे नक्की काय? गाव वसतं, बसतं की वसवलं जातं?

वारणाकाठचा

मंडळी, एका घरगुती भांडणातून हा धागा काढतोय.

आमचं मूळ गाव वारणा खोऱ्यातलं, धरणात गेलेलं. 1985 च्या उन्हाळ्यात आम्ही खाली सपाटीला आलो. तेव्हा मी आईच्या कडेवर होतो, त्यामुळे आठवण माझी नाही, ऐकीव आहे. यंदा त्याला चाळीस वर्षं झाली म्हणून पोरांनी स्मरणिका काढायचं ठरवलं आणि मुखपृष्ठावर मथळा टाकला: 'आपली वसाहत: चाळीस वर्षांची वाटचाल'. मुद्रितं घरी आली. थोरल्या चुलत्यांनी चष्मा लावून वाचलं आणि लाल पेनानं 'वसाहत' खोडलं. वर म्हणाले, "वसाहत इंग्रजांची असती. आपलं गाव हाय."

पोरं म्हणतात, अहो, सरकारी कागदावर वसाहतच आहे, शेजारच्या गावात विचारलं तरी सगळे 'वसाहत'च म्हणतात. चुलते म्हणतात, म्हणूनच नको.

मला दोन्ही बाजू पटतात, त्यामुळे दोघांच्याही शिव्या खातोय. म्हणून विचारतो, 'वसाहत' या शब्दाचा मूळ अर्थ काय? त्यात कमीपणा आहे का, की चुलत्यांच्या डोक्यात उगाच बसलंय?

शब्दखोड

डोक्यात उगाच बसलेलं नाही, पण शब्दाचा तसा दोषही नाही.

संस्कृत 'वस्' म्हणजे राहणे, त्यातही मुळात रात्र काढणे. त्यावरून वास, निवास, वसति, वस्ती, वसतिगृह, वसणे, वसवणे आणि वसाहत. (जाता जाता: 'वसतिगृह' पहिली वेलांटी. 'वसति' तत्सम आहे, समासात ऱ्हस्वच राहतो. शहरातल्या निम्म्या पाट्या चुकलेल्या आहेत. झालं, बोललो.)

रात्र काढण्याचा अर्थ मराठीत अजून जिवंत आहे. एसटीची 'वस्तीची गाडी' म्हणजे रात्री गावात मुक्काम करून पहाटे सुटणारी. 'आज वस्तीला राहा' असा आग्रह अजून करतात. म्हणजे जिथे दिवस मावळल्यावर माणूस टेकतो ती वस्ती, आणि पूर्वी रान होतं तिथे माणसांनी टेकायला सुरुवात केली की ती वसाहत. यात इंग्रज कुठेच नाही.

इंग्रज आला तो भाषांतरातून. 'कॉलनी'साठी हिंदीने आणि बंगालीने 'उपनिवेश' घेतला, आपण आणि गुजरातीने घरातलाच 'वसाहत' वापरला. मग वसाहतवाद, वसाहतवादी, वसाहतकालीन अशी सगळी पिलावळ त्याच्या मागे आली. चुलत्यांनी शाळेतल्या इतिहासात तेच वाचलं असणार.

भाषांतरकार्टी

यावर माझा रोजचा वैताग आहे. भाषांतर करून पोट भरते म्हणून सांगते.

ऑस्ट्रेलिया, कॅनडा या खऱ्या अर्थाने वसाहती. माणसं बोटीने गेली, तिथल्यांना हुसकलं आणि स्वतः राहिली. हिंदुस्थानात इंग्रज वसले कुठे? नोकरी केली, निवृत्त झाले, परत गेले. तरी आपण 'भारत ब्रिटिशांची वसाहत होता' असं सर्रास लिहितो. मराठी वाक्य म्हणून ते मला खटकतं, कारण 'वसाहत' म्हटलं की कोणीतरी वसायला हवं. इथे ते वसले नाहीत, बसले. आपल्या डोक्यावर.

आणि एक मजेशीर गोष्ट. स्वातंत्र्यचळवळीच्या काळातल्या मराठीत 'वसाहतीचे स्वराज्य' हा शब्द होता, 'डोमिनियन स्टेटस'साठी. कॅनडा-ऑस्ट्रेलियाला होतं तसलं स्वराज्य. 1928 च्या नेहरू अहवालात तीच मागणी होती, आणि 1929 च्या लाहोर काँग्रेसने ती सोडून पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. आज नव्या पोरांना 'वसाहतीचे स्वराज्य' वाचायला दिलं तर त्यांना वाटतं हाउसिंग सोसायटीची निवडणूक आहे.

मोडीवाचक

शब्दखोड, एक जोड. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या कागदांत या कामाला वेगळे शब्द भेटतात. उजाड मुलूख पुन्हा नांगराखाली आणून रयत आणून ठेवायची याला 'लावणीसंचणी' म्हणत, शिवाय 'कीर्दमामुरी'. बाजारगाव उभारायचं तर 'पेठ वसवणे'.

आणि पेठ नुसत्या हुकमाने वसत नसे, त्यासाठी कौल द्यावा लागे. 'कौल' हा अरबीतून आलेला शब्द, अर्थ वचन. देवळात कौल लावतात तो आणि निवडणुकीत जनता देते तोही हाच. (छपरावरचं कौल निराळं.) तर सरकार व्यापाऱ्याला, विणकराला, कुणब्याला कौल देई की बाबा, इथे येऊन घर बांध, काही वर्षं जकात माफ, वेठबेगार नाही. पडीक जमिनीसाठी इस्ताव्याचा कौल: पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे दरसाल थोडा थोडा वाढत जाऊन शेवटी पुरा दर. पेठेच्या व्यवस्थेला शेटे आणि महाजन. ही वतनं होती, त्यामुळे पेठ वसवणं हा जोखमीचा पण फायद्याचा उद्योग होता.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की कौल म्हणजे आधी वचन आणि मग माणूस. नीट वागवलं नाही तर रयत गाठोडं उचलून दुसऱ्या मुलखात जाई. गाव मोडणं ही तेव्हा राज्यकर्त्याला खरी भीती होती.

पुण्याचंच बघा. 1630 च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला. मग जिजाबाई आणि दादोजींच्या वेळी सोन्याच्या नांगराने जमीन नांगरून गाव पुन्हा वसवलं, अशी परंपरा सांगते. सोन्याचा फाळ खरोखर होता की नाही यावर इथे पाचशे प्रतिसाद होतील, कृपया नकोत. पण नांगराने उठवलेलं गाव नांगरानेच वसवायचं, ही समज लक्षात घ्या.

टोपीकर_नव्हे

मोडीवाचक, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपियनांबद्दल आहे तेही लिहा की. परकी व्यापारी जागा मागतात ती 'वखारी'साठी. आणि अमात्य बजावतात की द्यायचीच झाली तर समुद्रकिनाऱ्यावर, खाडीवर देऊ नका, आत द्या. तेव्हाच त्यांना कळलं होतं की वखार किनाऱ्यावर राहिली की ती वखार राहत नाही.

दोन_नंबर_गल्ली

जयसिंगपूरकर हजर!

आमचं गाव शाहू महाराजांनी 1917 साली वसवलं, वडिलांच्या, म्हणजे जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने. आखून-रेखून व्यापारपेठ, काटकोनात रस्ते, गल्ल्यांना नंबर. माझं टोपणनाव वाचून लोकांना वाटतं मी काळा धंदा करतो. नाही हो, पत्ता आहे तो.

पण आमच्याकडे कोणी 'वसाहत' म्हणत नाही. 'वसवलेलं गाव' म्हणतात, अभिमानाने. चुलत्यांचा मुद्दा मला इथे पटतो. दोन्ही गावं वरून ठरवून उभी केलेली, पण एकाला वसवलेलं गाव म्हणतात आणि दुसऱ्याला वसाहत.

खडूस_म्हातारा

एका शब्दावर एवढा काथ्याकूट? स्मरणिकेवर गावाचं नाव टाका आणि जेवायला बसा.

वारणाकाठचा

काका, नाव टाकायचं तर कोणतं, हाच तर पुढचा प्रश्न आहे. खाली लिहितो.

ओगलेवाडी_फास्ट

मग 'वाडी' का नाही चालत? आमच्या भागात कारखान्यांनी वाड्या वसवल्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आणि घरं उभी केली. निवडुंग आणि साप यांचंच राज्य होतं तिथे. जमीन औंध संस्थानची, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिली. नाव पडलं किर्लोस्करवाडी. मग 1916 ला ओगल्यांचा काचकारखाना, प्रभाकर कंदीलवाले, त्यांची ओगलेवाडी. आज असं काही झालं असतं तर 'अमुक टाउनशिप' म्हणाले असते. त्या लोकांना 'वाडी' म्हणायला लाज वाटली नाही.

मुलुंडची_मैना

शहरात याच शब्दांची उतरंड लागते बघा. झोपड्या असल्या की 'वस्ती'. चार बँकवाल्यांनी बंगले बांधले की 'कॉलनी'. लिफ्ट आली की 'सोसायटी'. जलतरण तलाव आला की 'टाउनशिप'. आणि 'वसाहत' कुठे? शासकीय वसाहत, पोलीस वसाहत, म्हाडा वसाहत. म्हणजे घर सरकारने दिलेलं, भिंतीला पिवळा रंग सरकारचा आणि गळतीही सरकारची.

सोलापूरकडे मात्र 'वस्ती' म्हणजे शेतातली दोन-चार घरं. माझी जाऊ तिकडची. लग्नानंतर ती इथे पहिल्यांदा म्हणाली, "आम्ही वस्तीवर राहतो", तेव्हा सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नंतर कळलं की वस्तीला लागून बारा एकर द्राक्षबाग आहे.

एमआयडीसीतला_वॉचमन

(खरा वॉचमन नाही, रात्रपाळीचा सुपरवायझर.)

सगळ्यात विनोदी शब्द 'औद्योगिक वसाहत'. एमआयडीसी, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळ, 1962 चं. शब्दखोड म्हणतात की वसणे म्हणजे रात्र काढणे. आमच्या वसाहतीत रात्री मी, दोन फर्नेसवाले आणि कुत्री. भूखंड वाटपाच्या अटीतच आहे की राहायचं नाही. जिथे कोणी वसत नाही त्याला वसाहत म्हणायचं, वा!

वऱ्हाडी_ठेचा

यवतमाळहून. आमच्याकडे वसायचे शब्द जितके, तितकेच उठायचे पण हायेत, ते कोणी सांगून नाही राह्यलं म्हणून लिहितो.

वसलेलं छोटं असन तर टोली. कोलामांचं असन तर पोड, बंजाऱ्यांचं तांडा, पलीकडे मेळघाटात कोरकूंचं ढाणा. आन् उठलेलं गाव म्हणजे रीठ. रेकॉर्डवर 'रिठी' म्हणून मौजे दिसतात. शेती हाये, शिव हाये, नाव हाये, मारोतीबी एखाद्या पिंपळाखाली हाये, फक्त माणूस नाही.

दुसरा शब्द 'बेचिराग'. फारसी. चिराग नसलेलं, म्हंजे संध्याकाळी जिथं दिवा लागत नाही असं गाव. महसुलाचा जुना शब्द. लोकांनी त्याचं 'बेचिराख' केलं, कारण राख ऐकू येते. आता युद्धाच्या बातमीत 'शहर बेचिराख' लिहितात. पण मूळ अर्थात आग लागायची गरजच नव्हती. लोकं निघून गेले, दिवा लावाले कोणी राह्यलं नाही, झालं बेचिराग.

शब्दखोड

ठेचासाहेब, सुंदर. 'बेचिराग'चं 'बेचिराख' हे मला वर्गात सांगायला आवडायचं. आणि याच्या उलट बाजूला 'पांढरी' ठेवा. गावची जमीन दोन रंगांची: काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे राहायची. पिढ्यानपिढ्या मातीच्या भिंती पडून, चुलीची राख पडून ती माती फिकी होते, म्हणून पांढरी. गावचा देव तो पांढरीचा देव. नुसत्या आखलेल्या प्लॉटला पांढरी म्हणत नाहीत. तिथे आधी माणसं राहून गेलेली लागतात.

बॅरेक_नंबर

उल्हासनगरहून नमस्कार. मी सिंधी, मराठी शाळेत शिकलो, चुका माफ.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराच्या छावण्या होत्या. फाळणीनंतर आमच्या आजोबांना त्याच बॅरेकींत आणून ठेवलं. 1949 मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी नाव दिलं, उल्हास नदीवरून. पण आम्ही आजही 'कॅम्प' म्हणतो. "कुठे राहता?" "कॅम्प चार." पत्त्यात बॅरेक नंबर अजून लिहितात, बॅरेक पडून सात मजली इमारत झाली तरी.

आजोबांना कोणी 'निर्वासित' म्हटलं की ते रागवायचे. ते म्हणायचे 'पुरुषार्थी' म्हणा. पण 'कॅम्प'चा त्यांना राग नव्हता. माझ्या मते शब्द आपण स्वतः वापरायला लागलो की त्याचा काटा मोडतो.

कोल्हापुरी_खवचट

@बॅरेक_नंबर, आमच्या वळिवड्याची गंमत माहीत आहे का? 1943 ला तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी झाली. बायका-मुलंच जास्त, पाचेक हजार माणसं. 1948 पर्यंत होती. ती मंडळी गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले, त्याचं गांधीनगर झालं. आता लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा जिल्हा तिथे जातो. आधीच्यांची आठवण म्हणून कोल्हापुरात महावीर उद्यानात स्तंभ आहे. एकाच जागेवर पाच वर्षांत दोनदा वसाहत, आणि दोघांचीही घरं हजारो मैल लांब सुटलेली.

तळोदा_लोकल

नंदुरबारकडचं सांगतो. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली 33 गावं बाधित. सातपुड्यातून तळोद्याकडे उतरवलेल्यांना कागदावर 'पुनर्वसन वसाहत' म्हणतात. गुजरातेतही हाच शब्द, 'वसाहत'. काहींना नवी नावं पडली, जसं रेवानगर. डोंगरात घरं एकमेकांपासून लांब, शेताशेतात विखुरलेली होती. इथे ओळीत प्लॉट. एक म्हातारा मला म्हणाला होता, रात्री शेजाऱ्याचा खोकला ऐकू येतो, झोप येत नाही.

तलाठी_होतो_आता_नाही

वारणाकाठचा, तुमच्या चुलत्यांच्या बाजूने एक कोरडा मुद्दा मांडतो. निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने.

'गाव' हा महसुलात नुसता भावनेचा शब्द नाही. 1966 च्या जमीन महसूल अधिनियमाखाली शासन एखाद्या क्षेत्राला गाव म्हणून जाहीर करतं, तेव्हा ते महसुली गाव. पुनर्वसित गावठाण दुसऱ्या गावच्या शिवारात बसवलेलं असतं. ते वेगळं महसुली गाव म्हणून जाहीर होईपर्यंत त्याचा सातबारा त्या मूळ गावच्या नावाने निघतो. ग्रामपंचायत स्वतंत्र नसली तर सरपंचही त्यांचा. पुनर्वसनात 18 नागरी सुविधा द्यायच्या असतात, पण त्या मागायला उभं कोण राहणार हे ग्रामपंचायतीवर ठरतं.

तेव्हा कागदावर वसाहत म्हणजे अजून गाव न झालेलं काहीतरी. तुमचं झालंय का जाहीर?

वारणाकाठचा

नाही झालं. चाळीस वर्षांत तीन वेळा प्रस्ताव गेला. कुठल्या टेबलावर अडलाय ते लिहीत नाही. सातबारा शेजारच्या गावच्या नावानेच निघतो.

तुमचा आणि ठेचासाहेबांचा प्रतिसाद लागोपाठ वाचून मी जरा गप्पच झालो. आमचं जुनं गाव कागदावर अजून आहे, पण बेचिराग. पाण्याखाली दिवा कोण लावणार. आणि नव्या गावात संध्याकाळी दीडशे घरांत दिवे लागतात, पण कागदावर ते गाव नाही. चुलते भांडतात ते यावरून, आणि मी समजत होतो की त्यांना इंग्रजांचा राग आहे.

भाषांतरकार्टी

मग मी माझं वरचं वाक्य थोडं बदलते. वसाहत म्हटलं की कोणीतरी वसायला हवं असं मी म्हटलं होतं. पण पोलीस वसाहत, कॅम्प, तळोदा, तुमचं गाव हे सगळं बघितल्यावर वाटतंय की मराठीत आज 'वसाहत' म्हणजे दुसऱ्या कोणीतरी वसवलेली जागा. माणूस स्वतःहून राहिला की वाडी, वस्ती, पाडा. राजाने बोलावून, कौल देऊन वसवलं की पेठ, पुरी. आणि नकाशावर आखून माणसं आणून ठेवली की वसाहत.

दोन_नंबर_गल्ली

जयसिंगपूरही आखलेलंच होतं हो.

भाषांतरकार्टी

पण तिथे यायचं की नाही हे व्यापारी ठरवत होता. वारणाकाठच्याच्या आजीला कोणी विचारलं नव्हतं.

मोडीवाचक

हे मला मान्य. कौलात दोन पक्ष असतात.

शब्दखोड

मला पूर्ण मान्य नाही. साखर कारखान्याच्या वसाहतीत लोक आनंदाने, वशिला लावून राहायला जातात. शब्दाला एकच खिळा मारू नका. पण वसणे-बसणे याबद्दल कोणीच बोललं नाही. वारणाकाठचा, तुमच्याकडे 'गाव वसलं' म्हणतात की 'गाव बसलं'?

वारणाकाठचा

'बसलं'. शंभर टक्के. 'वसलं' फक्त भाषणात. "आमचं गाव पंच्याऐंशीला उठलं आन् हितं बसलं." उठणं आणि बसणं, जोडीनेच येतं. जसे घट बसतात, गणपती बसतो.

त्यावरून आठवलं. आमच्या गावदेवीला मूर्ती नाही, शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे बिनघडीव दगड आहे. गाव उठलं तेव्हा तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, खाली पेंढा आणि वर कोरं लुगडं घालून आणलं. आजी त्या ट्रॉलीत देवीला धरून बसली होती, खड्ड्यात कलंडू नये म्हणून. प्लॉटचे दगड रोवले होते, पण देवळासाठी जागाच आखलेली नव्हती. मग लोकांनी देवीला खेळाच्या मैदानाच्या कोपऱ्यात 'बसवलं'. ती अजून तिथेच आहे. आणि पोरं क्रिकेट खेळताना तिच्या कट्ट्याला बॉल लागला की चौका.

खडूस_म्हातारा

हे लिहा स्मरणिकेत. मथळ्याचं राहू द्या.

मुलुंडची_मैना

म्हातारबा पहिल्यांदा बरोबर बोलले. आजी काय म्हणतात पण? गाव की वसाहत?

वारणाकाठचा

आज दुपारी मुद्दाम विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. मग दिवसभर ती काय बोलते ते ऐकत बसलो. नव्या गावाला ती काही म्हणतच नाही, 'घरी' म्हणते. 'गावाला' म्हणाली की समजायचं धरणातलं. "गावाला आंबा लई गोड होता." चाळीस वर्षं झाली.

स्मरणिकेवर आता फक्त जुन्या गावाचं नाव येणार, मागे 'नवे' न लावता. पोरं तयार झाली, चुलत्यांनी सही केली. आतल्या पानांवर 'वसाहत' राहू दिलंय, सगळीकडे खोडत बसलो तर छापखानेवाला मारेल.

ओगलेवाडी_फास्ट

उत्तम. एसटीच्या पाटीवर काय आहे पण?

वारणाकाठचा

पाटीवर 'वसाहत'. कंडक्टर 'फाटा' म्हणून तिकीट देतो, आणि फाट्यापासून आत दीड किलोमीटर चालायचं. वस्तीची गाडी आमच्याकडे येत नाही, ती शेजारच्या गावात मुक्काम करते.